तारीख पुढं गेली

वाळूजच्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारची, बाबांनाही तीच. म्हणून लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही गेलो तो शुक्रवार होता, आणि लग्न मोडल्यावर सगळं परत करायला गेलो तोही शुक्रवारच. आई पाहुण्यांचे फोन घेत घरीच थांबली. बाबा म्हणाले, "मी जाऊन येतो एकटा." मी चपला घातल्या.

नवऱ्या मुलाचा फोनवर एवढाच निरोप आला होता की त्याचं मन नाही. पत्रिका छापायला गेल्यावर स्वारीला मन सापडलं. नंतर त्यानं माझा एकही फोन उचलला नाही. तरी मी फोन पर्समध्ये टाकला नव्हता, हातातच धरला होता.

पैठण गेटला स्कूटर लावली. पुढं टिळकपथावर गाडी घालणं म्हणजे डोक्याला ताप, तिथं पायीच बरं. बस्त्याच्या दिवशी याच रस्त्यानं आई दर दुकानात घासाघीस करत होती आणि बाबा सगळ्यांना उसाचा रस पाजत होते. आज ते पिशवी घेऊन पुढं, मी मागं.

कापडाच्या दुकानात नवरदेवाचं सुटाचं कापड परत द्यायचं होतं. मालकानं लगेच ओळखलं, पाणी मागवलं. बाबांनी पिशवीत हात घातला, तसाच ठेवला आणि म्हणाले, "तारीख जरा पुढं गेली. सांगावं म्हटलं."

"चालायचंच," मालक म्हणाला. बाबांनी पिशवी उचलली. कापड आतच राहिलं.

मला राग यायला हवा होता. नाही आला. ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गुलमंडीवर भांड्यांच्या दुकानात बाबा म्हणाले, "नावं नका घालू एवढ्यात. तारीख पुढं गेलीय." ब्लाउज शिवणाऱ्या मास्तरांनी विचारलं, कितीक पुढं? "पाहू, दिवाळीनंतर," बाबा म्हणाले. मी लगेच मनात थंडीतलं लग्न मांडून टाकलं. मांडवात कोवळं ऊन, अंगावर शाल. पुन्हा फोन पाहिला. माझ्यासारखी येडी अख्ख्या शहरात नसेल.

रंगार गल्लीत बांगड्यांचं दुकान जुम्म्याची नमाज आटोपून नुकतंच उघडलं होतं. दुकानातल्या चाचीनंच माझ्या हाताचं माप घेऊन हिरवा चुडा काढून ठेवला होता. बाबा तोंड उघडणार तोच तिनं थेट मला विचारलं, "कब है बेटी, शादी?"

पुढं गेली, असं म्हणायला मी ओठ उघडले. तिनं माझा हात हातात घेतला होता आणि ती माझ्याकडेच बघत होती. मला ते म्हणता येईना.

"मोडली," मी म्हणाले.

चाचीनं चुड्याचा डबा हळूच मागं सरकवला. मग साध्या निळ्या बांगड्या काढल्या, माझी बोटं दाबून दोन्ही हातांत भरल्या. "हरी नक्को तो नक्को," ती म्हणाली, "पर हमारी दुकान से खाली हात नक्को जाओ." तेव्हा मी रडले. इतके दिवस आईसमोर आवरलेलं सगळं त्या लहानशा दुकानात बाहेर आलं. बाबा पायरीवर पाठ करून उभे होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

आता पत्रिकांचा छापखाना तेवढा राहिला होता, सिटी चौकाच्या अलीकडं. गर्दीतून चालताना बाबांनी विचारलं, "तिथं काय सांगायचं मग?" शाळेत पाठांतर चुकलेल्या मुलासारखा त्यांचा आवाज झाला होता.

"मोडलं म्हणून सांगायचं, बाबा."

"व्हय," ते म्हणाले. पुढचा सगळा रस्ता त्यांचे ओठ हलत होते. हातगाडीवाला ओरडला तरी ते बाजूला झाले नाहीत, मीच दंड धरून ओढलं.

छापखानेवाल्यानं हसतमुखानं गठ्ठा पुढं केला. वरच्याच पत्रिकेवर माझं आणि त्याचं नाव होतं. बाबांनी टोपी काढली, काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "आमच्या पोरीचं लग्न मोडलं."

एवढं नीट, एवढं स्पष्ट म्हणाले. चाचीच्या दुकानात मी नुसता शब्द उच्चारला होता. लग्न मोडलं ते बाबांनी म्हटलं तेव्हा. मी फोन पर्समध्ये टाकला.