बूट घातलेली अक्षरं

छापलेला कागद वाघमारे काका हातात धरून कधी वाचत नसत. शाई ओली असतानाच तो समोरच्या भिंतीला चिकटवायचे, रस्ता ओलांडून आपल्या प्रेसच्या पायरीवर यायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून विचारायचे, "काय लिव्हलंय, सांगा बरं." त्याने वाचताना डोळे बारीक केले की कागद बाद.

नांदेडच्या जुन्या भागात त्यांची प्रेस होती. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आला होता, पण मागे लाकडी अक्षरांचा एक संच त्यांनी जिवापाड जपला होता. वीतभर उंचीची, जाडजूड, टोकं सपाट कापलेली अक्षरं. काका म्हणायचे, "ह्या अक्षरांनी बूट घातलेत, म्याडम. कुठंबी हुबी करा, हलत न्हाईत." कुस्त्यांची दंगल, जयंतीची मिरवणूक, लिलाव, सगळं त्यातच छापायचे. लग्नपत्रिकेला मात्र साफ नकार. "नवरदेव आखाड्यात निघाल्यावानी वाटते," म्हणायचे.

मी कॉलेजात मराठी शिकवते, त्यामुळे मला नाजूक अक्षराचं कौतुक, आणि त्यांच्या अक्षराची मी थोडी थट्टाच करायचे. ती माझे बाबा हरवेपर्यंत टिकली.

बाबा नायगावला मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर माझ्याकडे आले आणि हळूहळू विसरायला लागले. एका सकाळी फिरायला गेले ते परतलेच नाहीत. पोलिसांत कळवलं, फोनवरून फोटो फिरवले, दोन दिवस काही हाती लागलं नाही. मग मी एक निवेदन लिहिलं. त्यात बाबांची शैक्षणिक सेवा होती, 'विस्मृतीची व्याधी' होती, शेवटी नम्र आवाहनही होतं. 'हरवले' हा शब्द तेवढा नव्हता, कारण माझ्या भावाला तो चालणार नव्हता. बाबा म्हणजे काय पिशवी आहेत का, असं त्याचं म्हणणं.

काकांनी निवेदन शेवटपर्यंत वाचलं आणि बाजूला ठेवलं. ऑटोवाला चालत्या गाडीत एवढा निबंध कधी वाचणार, असं विचारलं आणि मागच्या खोलीतून ती लाकडी अक्षरं आणायला निघाले. मी म्हटलं, "काका, ते दंगलीचं अक्षर. बाबांसाठी नको."

ते दारातच थांबले. "म्याडम, लाज तुम्हाला वाटून राहिली. हरवले ते हायेत."

मला रडू आलं. रागही आला, पण त्यांचं खरं होतं. मी मान हलवली.

'गुरुजी हरवले.' खाली पांढरा पायजमा, काळी टोपी आणि माझा फोन नंबर, बस. समोरच्या पेरूवालीने पायरीवरून एका दमात वाचलं. मग काकांनी स्वतः बसस्टँडवर जाऊन एक कागद भिंतीवर आणि बाकीचे वीसेक ऑटोंच्या पाठीवर चिकटवले. त्यांचं म्हणणं, मागच्या गाडीवाल्याला पुढं बघावंच लागतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका ऑटोवाल्याचा फोन आला. सिग्नलला पुढच्या ऑटोमागे अडकला तेव्हा त्याने वाचलं होतं. असे एक आजोबा गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीला रोज दिसतात म्हणाला, लोकांना सरळ रांगेत बसवत असतात. ते ऐकूनच मी ओळखलं. धावत गेले तर बाबा छान जेवलेले, आणि मलाच म्हणाले, "किती उशीर केलास!" मी तिथेच फरशीवर बसून पोटभर रडले. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

सकाळी काका बादली आणि खरवडायचा पत्रा घेऊन दारात हजर. माणूस घावला की कागद उतरवायचा, हा त्यांचा नेम होता. "न्हाई तर लोकं उगंच हुडकत राहतेत. अन् पुढं कुणाचा खरंच हरवला, तर वाचत न्हाईत." बाबाही हट्टाने सोबत आले. ऑटोंचे कागद निघाले, शेवटचा बसस्टँडच्या भिंतीवर उरला. त्याच्यापुढे बाबा थांबले आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं, "गुरुजी हरवले."

"कोण हो हे गुरुजी?" त्यांनी विचारलं.

काकांनी बादली खाली ठेवली. "हाव, हरवले होते. घावले आता. घरी पोचले बी."

बाबांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं," म्हणाले. "घरच्यांचा जीव किती टांगणीला लागला असेल." आणि कागदाचं एक टोक त्यांनी स्वतःच नखाने सोडवायला घेतलं.