उचललेला घोडा

"तुला गाडी चालवायला आणलंय, पटावर बसायला न्हाई."

मालक हे सगळ्यांसमोर बोलले. हिंगोलीत बुद्धिबळाची स्पर्धा होती. पहिल्या फेरीच्या जोड्यांचा कागद भिंतीवर लागला होता, आणि त्यांच्या नावासमोर माझं नाव होतं. त्यांच्याच ड्रायव्हरचं. लोक हसले. मीही हसलो. त्या हसण्याची आजही लाज वाटते.

मी सेनगावकडच्या तांड्यावरचा. आठ वर्षं त्यांची गाडी चालवली. ते बैठकीत, मी बाहेर गाडीत. तिथंच मोबाईलवर खेळ शिकलो. या स्पर्धेत त्यांना न सांगता नाव घातलं होतं.

बसताना ते हळूच म्हणाले, "लवकर हरून टाक. मग जेवणाचे डबे काढून ठेव."

मी मान डोलावली. खरंच हरणार होतो.

थोड्या चाली झाल्या. मालकांनी घोडा उचलला. तो हलवला तर मागचा वजीर जातोय, हे त्यांना दिसलं. घोडा परत ठेवला आणि उंट चालवला. उचललेला मोहरा चालवावाच लागतो. मी सोडून देणार होतो. तर ते शेजारच्याला म्हणाले, "तांड्यावरचं हाये. ह्याला काय कळून राहिलं?"

मी हात वर केला. पंच आले.

"मालक, तुमी घोडा उचलला. घोडाच चालवा."

"मी हात लावला न्हाई."

पंच म्हणाले, "साहेब खोटं काहून बोलतील? खेळा पुढं."

शेजारच्या दोघांनी पाहिलं होतं. माना खाली.

"माफी माग," मालक म्हणाले. "नाहीतर उद्यापासून येऊ नको."

खिशातून गाडीची किल्ली काढली. त्यांच्यासमोर ठेवली.

"माफी न्हाई मागत. चाल माझी हाये."

मग जिंकायला खेळलो. हरलो. ते माझ्यापेक्षा बरे खेळतात, हे खरं. निकालाच्या कागदावर सही करताना वर लिहिलं: घोडा उचलला होता, पंचांनी ऐकलं नाही.

"हे खोडा," पंच म्हणाले.

खोडलं नाही.

घरी बायको म्हणाली, "एक डाव सोडून दिला असता तर काय बिघडलं असतं?"

आठ वर्षं तेच करत होतो, हे तिला कसं सांगू?

नोकरी गेली. दुसरी अजून नाही. पण पुढची स्पर्धा लागली की नाव घालणार. समोर कुणीही बसो. खोटी चाल झाली की हात वर करणार. हरलो तर माझ्या चालीनं हरेन. कुणाच्या हुकमानं नाही.