उजव्या पानाचा शेवट

टेबलाच्या कडेवर दोन्ही हातांनी पियानो वाजवणारा माणूस दिसला तर घाबरू नका. तो कामात असतो.

नोटेशनची पुस्तकं छापणाऱ्या त्या कचेरीत सगळे त्यांना काका म्हणायचे, त्यांच्याहून थोराड दिसणारा रखवालदारसुद्धा. काकांचं काम सांगायला सोपं: कुठलं पान कुठे संपवायचं ते ठरवायचं. त्यातही त्यांच्या वाट्याला यायचे कॉन्चेर्टो. जुन्या काळातले, भरजरी. एकटा पियानो अख्ख्या वाद्यवृंदाला अंगावर घेतो, ते. पानावर वर पियानोवाल्याच्या ओळी, खाली वाद्यवृंदाचा सारांश, म्हणजे सरावाला दुसऱ्या पियानोवर कुणी साथ करू शकेल. वरच्या ओळीत तर सुरांचं नुसतं मुंग्यांचं वारूळ फुटलेलं. पान बघता बघता संपतं आणि वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले. मग पान उलटायचं कुणी?

“दातांनी उलटायचं,” संपादकबाई म्हणायच्या.

“डाव्या हातानं,” काका म्हणायचे. “कुठेतरी एक हात क्षणभर रिकामा होतोच. उजवं पान तिथेच संपवायचं. मग एकट्या माणसाचं अडत नाही.”

म्हणून ती टेबलाची कड. पान मांडायचं, कडेवर बोटं नाचवायची, शेवटाला हात मोकळा होतो का बघायचं. नाही झाला तर एक ओळ मागे, एक पुढे, पुन्हा पहिल्यापासून.

घरी मात्र काका स्वतःच पान उलटायचे. बायको लवकर गेली. मुलगी पियानोवर बसायची आणि काका तिच्या डावीकडे, बुटक्या स्टुलावर. तिनं हनुवटी किंचित उचलली की उभं राहायचं, पान उलटायचं, बसायचं.

“बाबा, श्वास किती जोरात घेता!”

“मग घेऊच नको का?”

“पान उलटल्यावर घ्या.”

मुलगी मोठी झाली. मैफलींत पानं समोर न ठेवता, पाठ वाजवू लागली. शहराच्या दुसऱ्या टोकाला घर केलं, पियानो तिकडे गेला. स्टूल राहिलं. काका त्यावर बसून बूट घालायचे.

एके दिवशी तिचा फोन आला. “बाबा, तुमच्याकडे तो मोठा कॉन्चेर्टो होतोय ना? मी तोच बसवतेय. छापायच्या आधीची कच्ची प्रत द्याल?”

“देतो की. घेऊन येतो.”

“कुरियरनं पाठवा हो. कशाला हेलपाटा?”

शेवटच्या भागात एक पान होतं. एक ओळ मागे घेतली की डावा हात अलगद सुटत होता. काकांनी तसंच मांडलं, बराच वेळ बघितलं, आणि मग ती ओळ पुढे ढकलली. आता पान संपताना एक हात पट्ट्यांच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. शेजारी कुणी बसल्याशिवाय ते पान उलटणं शक्य नव्हतं. मुलगी अडेल, वैतागेल, म्हणेल, ‘बाबा, या जरा बसायला.’ एक संध्याकाळ. मग छपाईच्या आधी ओळ मागे. एवढाच बेत. तरी पाकीट बंद करताना त्यांनी चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं.

फोन येईना.

“काका, सोडू का छपाईला?” संपादकबाईंनी विचारलं.

“एक पान बघायचंय अजून.”

“पान बघताय की मुहूर्त? उद्या सकाळी यंत्रावर चढणार म्हणजे चढणार!”

दुपारी फोन वाजला. काकांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

“बाबा, तुमचं एक पान चुकलंय.”

“कुठलं गं?”

“शेवटच्या भागातलं. दोन्ही हात दोन टोकांना आणि तुम्ही म्हणताय, उलट पान! एक ओळ मागे घ्या. लहानपणापासून तुमच्याकडूनच ऐकतेय ना मी हे?”

“अरेच्चा, खरंच की. मग सरावाचं काय? येऊ का संध्याकाळी? बसतो शेजारी.”

“नको हो! पुढच्या पानाची झेरॉक्स काढून चिकटवली बाजूला. झालं काम.” मग तिचा आवाज उतरला. “तुमच्याकडून असं कसं झालं पण? डोळे तपासा बरं.”

“हो, हल्ली जरा धूसरच दिसतं.” साफ खोटं. “तू येशील बरोबर?”

पलीकडे ती बोलता बोलता एका हातानं काहीतरी वाजवत होती. ते थांबलं.

“या महिन्यात कठीण आहे, बाबा. डॉक्टरांचा नंबर पाठवते, चांगले आहेत. आणि ते पान दुरुस्त करा हं. कुणीतरी एकटंच बसून वाजवत असेल, पंचाईत होईल त्याची.”

“करतो,” काका म्हणाले.

चहावर साय धरली होती. त्यांनी ओळ मागे घेतली. कडेवर बोटं ठेवली, वाजवत वाजवत पानाच्या शेवटाला आले. त्यांची हनुवटी आपसूक उचलली गेली. डावीकडे कुणी नव्हतं. डावा हात मोकळा झाला, पान उलटलं, उजव्या हाताचा एक सूरही सांडला नाही.

“जमलं?” बाई दारातून म्हणाल्या.

“जमलं. एकटीला जमेल आता.”

“एकटीला? कुणाला?”

“घ्या, छापा,” काका म्हणाले आणि तो गार चहा सायीसकट पिऊन टाकला.