हिवराजचा कोरा हात

"नाही आली! गाठ आलीच नाही! पाहा बे, हात कसा कोरा!" चिचगडच्या पानठेल्यासमोर बाही खांद्यापर्यंत सरकवून हिवराज ओरडत होता. आवाज असा, की जंगलातली अस्वलं उठून बसली असतील. त्याला जाऊन आता महिना झाला, पण मला घरात बसवत नाही. बसलो की तो ओरडतो, म्हणून उठतो... तर चालतानाही ओरडतो.

झालं असं, की त्याच्या मोठ्या भावाला क्षय निघाला. मग घरच्यांची आणि रोज त्यांच्याच पंगतीला बसणाऱ्या माझीही तपासणी आली. सिस्टरनं आमच्या हातात कातडीखाली क्षयाच्या जंतूतल्या प्रथिनाचा थेंब टोचला. म्हणाली, ज्यांच्या रक्तातल्या पेशींनी हा जंतू आधी पाहिलाय, त्या ओळखून धावत येतील आणि तिथं गाठ फुगेल. माझ्या पेशी तर मंडईच्या गर्दीसारख्या लोटल्या! गाठ कसली, कचारगडचा डोंगरच. वर कावळा बसला असता. हिवराजचा हात मात्र सपाट.

"हारला नं बे!" तो मला म्हणाला. "मले पाहूनच पळाले जंतू."

सिस्टर मागून बजावत होती, "भाऊ, कोरा हात म्हणजे सुटलात असं नाही. अंग फार खचलं की पेशी धावतच नाहीत. खोकला आहे ना? थुंकी तपासून घ्या."

"कायले? निकाल तर लागला!"

आमच्या गावात शंकरपटाच्या शर्यतीत ज्याची बैलजोडी हरते, तो कोंबडा कापतो. मीही कापला. भाताची परात एकट्यानं रिकामी करणारा हा गडी, त्या दिवशी नुसता रस्सा चाटत खोकत बसला. "जितल्यावर पोट भरूनच राह्यते बापा," म्हणाला. मी गोळ्या सुरू केल्या, तर रोज विचारायचा, "डोंगर उतरून राहिला का?"

पुढं तो तलावाची पाळ चढताना मध्येच बसू लागला. याच हिवराजनं एका पावसाळ्यात फुटती पाळ पाठ लावून थोपवली होती, असं मी गावोगाव सांगत आलोय. (गळती बोटाएवढी होती, पण ते राहू द्या.) शेवटी गोंदियाला नेला. थुंकीत जंतूच जंतू. औषध सुरू झालं, पण ते झेलायला अंगात काही उरलंच नव्हतं...

तेरवी आटोपली आणि मी तडक हिवराजच्या बायकोसमोर, वहिनीसमोर उभा राहिलो. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. मी येरझारा घालत, हातवारे करत अख्खं भाषण ठोकलं. "वहिनी, हातावर भरोसा ठेवू नका. थुंकी तपासा, छातीचा फोटो काढा, उद्याच चला, मी गाडी आणतो!"

तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"माही तपासणी तवाच झाली, भाऊ, गाठ आलती. गोळ्या सुरू हायेत. त्यायले सांगितलं नव्हतं."