कुपीवरचा ‘क’

माझी धाकटी बहीण एका जागी बसली असं कधी झालं नाही. घरात आम्ही सगळे तिला भिंगरी म्हणतो. पीएचडी झाली, कॅन्सरच्या प्रयोगशाळेत दोन वर्षांच्या मुदतीवर संशोधक म्हणून लागली, तरी नाव तेच राहिलं.

तिचं काम तिनेच मला समजावलं. पेशींभोवती एक विणलेलं जाळं असतं, म्हणून त्या आपापल्या जागी राहतात. काही एन्झाइम हे जाळं कुरतडतात. जखम भरताना हे कुरतडणं लागतंही, पण गाठीच्या हाती ते आलं की तिला पसरायला वाट मिळते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा एक तुकडा आणि शेजारच्या चांगल्या मांसाचा एक, असे जोडीने दोन कुप्यांत इस्पितळातून येतात. ती त्यांचा अर्क काढून जिलेटिनच्या थरात सोडते आणि वर निळा रंग देते. एन्झाइमने जिलेटिन खाल्लं असेल तिथे रंग धरत नाही, पांढरी पट्टी उठते.

पहिल्या सव्वीस रोग्यांत पट्टी गाठीच्या बाजूला उठली. पुढच्या अठरांत मात्र बहुतेकांची चांगल्या मांसाच्या बाजूला.

तिचे सर खूश. “म्हणजे गाठ पोचायच्या आधीच कुरतडणं सुरू होतं. अगं, हा शोध आहे.” सोमवारी लेख पाठवायचा होता. तो गेला तर हिची मुदत वर्षभर वाढणार, नाही तर महिनाअखेर घरी.

गुरुवारी ती माझ्याकडे आली आणि एकच कप तीनदा धुतला.

“बस ना जरा. मला गरगरायला लागलं.”

“ताई, हा निकाल मला फार आवडलाय. म्हणूनच चैन नाही.”

“देवावर भार टाक.”

“देवाने कुप्यांवर नंबर घातलेले नाहीत गं,” ती म्हणाली आणि तशीच उभी राहिली. मग चपला घालून निघून गेली. कप हातातच राहिला होता.

ती थेट इस्पितळात गेली होती. तिथली कुपी बोटाच्या पेराएवढी, रोग्याचा नंबर जेमतेम मावतो. म्हणून जोडीतल्या एकाच कुपीवर ‘क’ लिहायची पद्धत. पूर्वीच्या सिस्टर तो कडेच्या, म्हणजे चांगल्या तुकड्यावर लिहायच्या. त्या निवृत्त झाल्या आणि नव्या आल्या.

“सिस्टर, हा ‘क’ कशाचा?” हिने विचारलं.

“कॅन्सरचा. आणखी कशाचा असणार?”

“तो कडेचा होता.”

“मग आल्या दिवशी सांगायचंत ना. कुप्या न्यायला येता तेव्हा तोंडात काय गुळणी धरलेली असते?”

विचारायचं काम हिचंच होतं.

सरांनी ऐकून घेतलं आणि हिशेब सोपा केला. “अठरा जोड्या उलट्या पडल्यात. फिरव आणि पाठव. पहिल्या सव्वीसांशी छान जुळतंय.”

“दोन आठवडे दोघी सिस्टर एकत्र ड्युटीवर होत्या, सर. कुठली कुपी कुणी लिहिली ते माहीत नाही. जुळतं म्हणून फिरवायची, तर प्रयोग कशाला केला आपण?”

“मुदत संपतेय, लक्षात आहे ना?”

“सध्या तेवढंच लक्षात आहे.”

उरलेले तुकडे फ्रीजरमध्ये होते. प्रत्येकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की तो गाठीचा की चांगला, ते कळलं असतं. पण ते तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना महिनाभर सवड नव्हती. लेख गेला नाही. मुदत वाढली नाही.

मी देवापुढे हात जोडले, तर मागायचं काय तेच सुचेना. पट्टी गाठीकडे असू दे म्हणावं, तर ती गाठ कुणाच्या तरी अंगातली. शेवटी नुसतीच बसून राहिले.

पुढच्या महिन्यात भिंगरी बिनपगारी, गळ्यात पाहुण्यांचं कार्ड अडकवून त्याच प्रयोगशाळेत गेली. डॉक्टरीणबाईंनी पहिला काप लावला, भिंगाला डोळा लावला आणि विचारलं, “हा कुठला असायला हवा?”

“ते मी सांगणार नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला दिसेल ते लिहा.”

आणि डॉक्टरीणबाईंचं लिहून होईपर्यंत ती खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालत राहिली.