ठसका

शेजारच्या काकूंनी मीठ-मिरच्या मनवावरून उतरवून तापल्या तव्यावर टाकल्या. धूर झाला, पण कुणालाच ठसका लागला नाही.

"बघ, केवढी दृष्ट लागली होती," काकू मला म्हणाल्या.

माझी ही आठ वर्षांची लेक रोज शाळेच्या वेळेला पोट धरून बसते. डॉक्टरांना काही सापडलं नाही, म्हणून हा उपाय. काकूंचं म्हणणं, पोर गुणी, सगळे कौतुक करतात, मग दृष्ट लागणारच.

पण कौतुक कशाचं, हे त्या धुरात मला टोचत राहिलं. दप्तर ती तीन-तीनदा तपासते. एक अक्षर वाकडं आलं तर अख्खं पान खोडून पुन्हा लिहिते. मला यायला पाच मिनिटं उशीर झाला, तर गॅलरीतून हलत नाही. हे सगळं मीच जिन्यात उभी राहून अभिमानानं सांगत आले. दंगा करणाऱ्या मुलाकडे आपलं लगेच लक्ष जातं. घाबरलेलं मूल नीटनेटकं असलं, की त्याला शहाणं म्हणून आपण मोकळे होतो.

मनवा ताठ उभी होती, फ्रॉकचं टोक मुठीत धरून.

"काकू, थोडी राहिली असेल तर?" तिनं विचारलं. "आणि आईची पण काढा ना. तिला काही झालं तर?"

"बघ, आईची किती काळजी पोरीला," काकू कौतुकानं म्हणाल्या.

एरवी मी हसले असते. आज मी खाली बसले आणि तिची मूठ सोडवायला लागले. ती सुटेना.