माझ्या मोबाईलवर आलेले होकार

हे मी कुणाला सांगितलेलं न्हाय. बायकोलाबी न्हाय. तुम्हाला का सांगतोय — मलाच कळंना. पण आता पोटात ठेववत न्हाय.

दिलीप कांबळे आणि मी शिरोलीच्या एका फौंड्रीत होतो. पाळ्या तीन. पहिल्या पाळीवाल्याला तिसरीवाल्याचं तोंड दिसायचं न्हाय, मग एकी व्हायची कशी? मोबाईल तेव्हा नवेनवे हातात आलते. दिलीपनंच तोड काढली. सभेत हात वर केला की साहेब बघतो, मेसेज कोण बघतंय? ज्यानं त्यानं आपलं मत माझ्या मोबाईलवर पाठवायचं. माझ्याच का? त्येचा विश्वास होता माझ्यावर. दुसरं काय.

भट्टीपाशी एकाचा पाय भाजला. दिलीपनं सगळ्यांसाठी बूट मागितले — तर साहेबानं त्यालाच सांगितलं, राजीनामा दे, न्हायतर काढतो. मग आम्ही सगळ्यांना विचारलं. दिलीपसाठी उद्या काम बंद ठेवायचं का?

सकाळपासनं मेसेज येत हुते. व्हय. व्हय. व्हय की. इनबॉक्स भरला. वाचायचं, पुसायचं, की पुढचा यायचा.

दुपारी साहेबानं मला केबिनमधी बोलावलं. धमकी? छ्या! खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाला, तुमचं परमनंटचं बघतोय. बस्स, एवढंच. एवढ्यावर विकलो गेलो मी — थू माझ्या जिनगानीवर.

कँटीनमागं दिलीप वाट बघत हुता.

"किती आलं?"

"एकबी न्हाय."

त्येनं मोबाईल बघायलाबी मागितला न्हाय. म्हणाला, पोरंबाळं हायत त्येंना, त्येंचं बरोबर हाय. शिव्या तरी द्यायच्या की रं, दिलीप! त्याच दिवशी राजीनामा लिहून दिला त्येनं. आणि बाकीच्यांना मी काय सांगितलं? दिलीप फुटला, साहेबाशी तडजोड करून गेला. सगळी खवळली. त्येच्या दारात कोण गेलं न्हाय.

मी परमनंट झालो.

दिलीप आता कसबा बावड्याकडं रिक्षा चालवतो. फौंड्रीतलं जुनं कोण दिसलं की मान फिरवतो. तीबी त्येचं नाव काढलं की थुंकत्यात. मी दिसलो की मात्र रिक्षा थांबवतो.

"तू एकटाच हुतास रं माझ्या बाजूनं," म्हणतो. "बस, सोडतो घरापर्यंत."

आणि मी बसतो.